मुरे ते हिरण्यकेशी : सह्याद्रीतील काही मत्स्यनामांचा इतिहास

अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंड येथील एखाद्या सदनिकेत, दिवाणखान्याच्या कोपऱ्यातील काचेच्या टाकीत, कधीकधी एक चपटा, ठिपकेदार मासा दृष्टीस पडतो. तो पोहताना क्वचितच दिसतो. गोट्याला किंवा काचेला पोट लावून चिकटून राहणे हाच त्याचा स्वभाव. दुकानदार त्यास 'हिलस्ट्रीम लोच' म्हणतो, आणि पाळणाराही तेच नाव उचलतो. मराठी नाव विचारले असता बहुधा उत्तर मिळत नाही. वास्तविक ह्या माशाचे गणगोत सह्याद्रीच्या ओढ्याओढ्यांतून पसरलेले आहे, आणि त्यांतील एकाला शास्त्रीय नाव देताना १८३९ साली लोकांच्या तोंडचा शब्दच घेण्यात आला होता. त्या शब्दाचे पुढे काय झाले, हा प्रश्न प्राणिशास्त्राइतकाच भाषेच्या इतिहासाचाही आहे.

लोकभाषेतील नाव लॅटिन परंपरेत नेऊन बसविण्याची वहिवाट दख्खनमध्ये सुरू झालेली नाही. फ्रान्सिस हॅमिल्टन ह्याने १८२२ साली गंगेतील माशांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पूर्व भारतातील कोळ्यांची अनेक नावे जातिनामे म्हणून आली. 'बोटिया' हे त्यांतलेच. पुढे जॉन एडवर्ड ग्रे ह्याने हाच शब्द एका स्वतंत्र प्रजातीस दिला, आणि आज तो शब्द जर्मनीपासून अमेरिकेपर्यंत मत्स्यपालकांच्या नित्य व्यवहारात आहे. गंमत अशी की, हॅमिल्टनने ज्या माशाला बोटिया म्हटले तो मासा आजच्या वर्गीकरणात बोटिया प्रजातीत नाहीच. त्याची गणना पॅराकँथोकोबायटिसमध्ये होते. शब्द एका दाराने बाहेर पडला आणि मासा दुसऱ्या.

विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारच्या सेवेतील लष्करी अधिकारी. १८२४ नंतर दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीचे काम त्याच्याकडे होते. गावे, पिके आणि वजनमापे ह्यांबरोबर त्याने पक्षी आणि मासेही टिपले. दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे आला आणि १८३९ साली छापला गेला. त्यातील नावे मोठ्याने वाचली की नदीकाठचा बाजार ऐकू येतो : रोहटी, शिंगटी, बोबरी, मळ्या. अशा नावाचा व्यवहारातील उपयोग उघड आहे. पुढे येणाऱ्या निसर्गसंशोधकाने भीमेच्या काठी उभे राहून ते नाव उच्चारले, तर मासा मिळण्याची शक्यता असते. 'रुपेली' म्हटल्याने मिळत नाही. आणि 'रुपेली' हे नावही त्याच निबंधात आहे! साइक्सने वर्णिलेल्या लोचांपैकी एकाला त्याने जर्मन प्रवासी व निसर्गसंशोधक एडुआर्ट रुपेल ह्याचे नाव दिले, तर दुसऱ्याला 'मूरे'. एकाच लेखणीने, एकाच कुळातील माशांना, दोन भिन्न न्यायांनी नावे दिली.

ह्या नावांचे रोमन लेखन मात्र सावधपणे वाचले पाहिजे. साइक्सने स्वतः दख्खन हा शब्द लिहिताना दोन्ही 'अ' स्वरांसाठी रोमन 'यू' वापरला आहे. तोच नियम 'मळ्या' ह्या नावाला लागू होतो. तेथील 'यू' हा उ नसून अ आहे, आणि 'मुल्या' असा उच्चार करणारा विद्यार्थी इंग्रजी वर्णांच्या जाळ्यात सापडलेला असतो. ल आणि ळ, द आणि ड ह्यांतील भेद ह्या लेखनात मुळीच उमटत नाही. म्हणूनच, महसीर माशाच्या दख्खनी जातीचे जे नाव आज सर्रास 'खुद्री' असे वाचले जाते, ते साइक्सच्या कानी 'खद्री' किंवा 'खडरी' असे पडले असणे अधिक संभवते. 'मूरे' ह्या नावात मात्र 'ओ' हे अक्षर दोनदा आले असल्यामुळे स्वर उ-ऊ हाच ठरतो, आणि घाटमाथ्यावरील बोलींत लोचांसाठी रूढ असलेल्या मुरा, मुरी, मुऱ्या ह्या शब्दांशी त्याची सांगड सहज बसते. पहिल्या प्रसिद्ध लेखनाचे प्रामाण्य मानण्याचा प्राणिनामांचा नियम येथे भाषेच्या उपयोगी पडला आहे : शुद्धलेखनाच्या सुधारणा आल्या आणि गेल्या, परंतु १८३९ मधील एका कानाने ऐकलेले मराठी तसेच गोठून राहिले. २०१५ साली सिंगर आणि पेज ह्यांनी ह्या गटाची फेरतपासणी केली, तीतही 'मूरे' हे नाव स्वतंत्र जातीचे म्हणून कायम राहिले.

साइक्सनंतर ही रीत पातळ झाली. फ्रान्सिस डे ह्या लष्करी वैद्याने भारतीय माशांचे जे विशाल काम केले, त्याचे मोल कोणीही नाकारणार नाही. परंतु १८७२ साली पुण्याच्या एका लोचाला नाव देताना त्याने कर्नल इव्हेझर्ड ह्याचे नाव निवडले. त्याआधी, १८६७ साली, दुसऱ्या एका लोचाच्या नावात मद्रासचा गव्हर्नर डेनिसन येऊन बसला होता. नाव देणारा आता काठावरील कोळ्याकडे नव्हे, तर आपल्या परिचितांकडे पाहत होता.

विसाव्या शतकातील वळण सुंदरलाल होरा ह्यांच्यामुळे आले. कलकत्त्यास भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत काम करताना त्यांनी १९३० आणि १९३२ साली प्रवाहात राहणाऱ्या माशांवर दोन मोठे प्रबंध प्रसिद्ध केले. हे मासे वाहून का जात नाहीत, हा त्यांचा मूळ प्रश्न. सपाट पोट, आडवे पसरलेले पर, आणि पोटाखाली शिरणारे पाणी बाहेर सारणारी परांची हालचाल ह्यांचा त्यांनी बारकाईने उलगडा केला. १९३२ च्या प्रबंधात त्यांनी ज्या नव्या प्रजाती उभ्या केल्या, त्यांत सेवेलिया आणि ब्यूफोर्टिया ह्या दोन आहेत. पहिली सर्वेक्षण संस्थेचे संचालक सीमोर सेवेल ह्यांच्या नावाची, दुसरी डच मत्स्यशास्त्रज्ञ द ब्यूफोर्ट ह्यांच्या. आज जगभरच्या दुकानांत हिलस्ट्रीम लोच म्हणून जे मासे विशेषेकरून विकले जातात ते व्हिएतनाममधील सेवेलिया लिनिओलाटा आणि दक्षिण चीनमधील ब्यूफोर्टिया हेच होत. परदेशी मासा म्हणून उपनगरातील घरी आणलेल्या जिवाचे अर्धे नाव कलकत्त्यात ठेवले गेले, ही गोष्ट पाळणाऱ्याच्या कानी क्वचितच जाते.

होरांनी विचारलेला प्रश्न घरातील टाकीपुढेही उभा राहतोच. मुंबईच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः तानसा, वैतरणा आणि भातसा ह्या नद्यांचे, म्हणजे सह्याद्रीच्याच उताराचे. भांडुप येथे शुद्ध होऊन, क्लोरीन घेऊन ते घरी पोहोचते. पाणी डोंगरातले, पण वाटेत त्याचा वेग गेला आणि थंडावाही. वीस अंश सेल्सियस तापमानाला लिटरभर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर तीस अंशाला जेमतेम साडेसात. मे महिन्यात बोरिवलीच्या घरातील टाकी तीस अंशांच्या आसपास सहज जाते. जाणते पाळणारे म्हणून पाण्यातील क्लोरीन काढून टाकतात, टाकीच्या एका टोकाला पाणी ओढून दुसऱ्या टोकाला सोडणारी नळ्यांची रचना करतात, तळाशी गुळगुळीत गोटे मांडून त्यांवर शेवाळ धरू देतात, आणि उन्हाळ्यात पाण्यावर पंखा लावतात. संथ पाण्यातील गोल्डफिशच्या सोबतीला घातलेला लोच मात्र फार दिवस टिकत नाही. 'नाजूक मासा' असा शेरा मारून लोक दुसरा आणतात. मासा नाजूक नाही. ओढ्याच्या पुरात टिकणारा जीव नाजूक कसा असेल? त्याच्या नावात डोंगरी प्रवाह आहे, पण तो परभाषेत असल्यामुळे कानावरून निघून जातो.

अलीकडील नावांत मराठी मुलूख पुन्हा दिसू लागला आहे, तथापि निराळ्या रूपाने. २०१२ साली भोईटे, जाधव आणि डहाणूकर ह्यांनी कृष्णेच्या खोऱ्यातून बालितोरा लॅटिकॉडा ही जाती वर्णिली. प्रजातीचे नाव बंगाली वळणाचे, जातीचे नाव 'रुंद शेपटीची' अशा अर्थाचे लॅटिन, आणि नाव देणारे तिघे मराठी. साइक्सच्या उलट बाजूने झालेला हा प्रवास मोठा चिंतनीय आहे. २०२० साली प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि बालसुब्रमण्यम् ह्यांनी आंबोली येथील हिरण्यकेशीच्या उगमाजवळील लोचाला नदीचेच नाव दिले : शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने त्या ठिकाणचे २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. नाव मिळाल्यावर वर्षाच्या आत ह्या माशाला संरक्षण मिळाले. सरकारी कागदावर निनावी लोचासाठी जागा राखून ठेवता येत नाही.

ह्याच्या नेमके विरुद्ध उदाहरण बोटिया स्ट्रायाटाचे. नारायण राव ह्यांनी १९२० साली शिमोग्याच्या परिसरातून वर्णिलेला हा पट्टेदार मासा कोल्हापूरकडील नद्यांतही आढळतो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या सूचीत तो संकटग्रस्त आहे. दुकानात तो 'झेब्रा लोच' असतो, इतर लोचांच्या शेजारच्या टाकीत, त्यांच्यासारखाच दर लावलेला. कोणत्या नदीतून उचलला गेला हे त्या नावावरून कळण्याची सोय नाही. साइक्सचा 'मूरे' निदान विचारणाऱ्याला काठापर्यंत नेऊन सोडत होता.