रस्ता न फोडता गटार दुरुस्त!

मंडळी, नवा रस्ता झाला की गटारासाठी फोडायचा, ही आपली रीत. पण १९७१ सालीच लंडनच्या हॅकनी भागात एरिक वूड यांनी वेगळी वाट काढली. गटार विटांचं, व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. रेझिनमध्ये भिजवलेली फेल्ट कापडाची नळी त्यात सरकवली, फुगवून भिंतीला घट्ट बसवली. रेझिन कडक झालं आणि जुन्या गटाराच्या आतच नवा पाइप तयार! पुढे ही पद्धत जगभर गेली.

पण मेख अशी, की पाइप पुरता ढासळण्याआधीच आत कॅमेरा सोडून बघावं लागतं. ढासळला की खोदणं आलंच. म्हणून पुढच्या वेळी रस्त्याचं टेंडर निघालं, की नगरसेवकाला एवढंच विचारा: साहेब, खालचा पाइप बघितला का?