हातचा घास

दिवाळीची सुटी लागायच्या आदल्या दिवशी शाळेत शिकविणे असे होतच नाही. मुलांचे डोळे खिडकीबाहेर, आणि खरे सांगायचे तर गुरुजींचेही. आमच्या सातवीच्या वर्गात त्या खिडकीखाली एक काचेची पेटी असते आणि तिच्यात गोल्डफिश असतात. मुले त्यांना सोनमासे म्हणतात. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका दिवशी मी वर्गाला सांगून बसलो, "मुलांनो, आता अठरा दिवस शाळा बंद. जाताना माशांना चिमूटभर खाऊ घालून जा."

वर्गात बेचाळीस मुले होती. बेचाळीस जणांनी बेचाळीस चिमटी टाकल्या. दुकानातल्या डबीतले दाणे पहिल्या दहा जणांतच संपले, तेव्हा उरलेल्यांनी आपापले डबे उघडले. कुणी शेव चुरून घातली, कुणी चकलीचे टोक, एका मुलीने शंकरपाळ्याचे चार तुकडे मोजून घातले. मासे पाच होते, म्हणून पाचवाही घातला. मी फळ्यावर 'शुभ दीपावली' लिहिण्यात गुंतलो होतो. सुटीनंतर कुलूप काढले तेव्हा पेटीतले पाणी ताकासारखे झाले होते. माशांविषयी लिहीत नाही. ती शंकरपाळ्याची मुलगी एवढेच म्हणाली, "गुरुजी, आम्ही तर खूप दिलं होतं."

तिला काय सांगावे हे मला सुचले नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कादंबऱ्या लिहितो, पण त्यांत मासे आले ते ताटातले. म्हणून मग वाचनालयातून पुस्तके आणून वाचीत बसलो की, पाण्यातल्या जिवाला घरात ठेवून आपल्या हाताने चारण्याचा हा उद्योग माणसाने केव्हा आणि कसा आरंभिला. वाचता वाचता तो एक इतिहासच निघाला.

सोनमासा चीनचा. सुंग राजवटीत, म्हणजे आपल्याकडे यादवांचे राज्य उभे राहत होते त्या काळात, हांगचौ या राजधानीत लोक हौदांत सोनेरी मासे पाळीत. तेराव्या शतकाच्या आरंभी युए-के नावाच्या एका ग्रंथकाराने त्यांच्याविषयी लिहून ठेवले आहे. मासे पाळणाऱ्यांना त्याने रंगाचे गुपित विचारले, तर ते सांगेनात. कुणी म्हणे, बाजारातल्या गटारांतले बारीक लाल किडे चारले की मासा शंभर दिवसांत पालटतो. आधी रुप्यासारखा पांढरा, मग पिवळसर आणि शेवटी सोने. रंगाचा हा हिशेब जसाच्या तसा खरा मानायचे कारण नाही. सोनेरीपणा मुळात वंशात असावा लागतो आणि खाणे त्याला फार तर उजाळा देते. पण गटारातला लाल किडा हे माशाचे उत्तम खाणे आहे, हे मात्र आठशे वर्षांनंतरही खोटे ठरलेले नाही. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात माशांच्या दुकानांतून लाल किड्यांचे वळवळते गोळे मी विकताना पाहिले आहेत. पाककृती लपवून ठेवण्याची खोड तर आपल्याकडच्या चिवडेवाल्यांनाही आहे, तेव्हा हांगचौवाल्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.

तेथून सोनमासे जपानात गेले, युरोपात गेले. पण ते हौदांत आणि भांड्यांत. भिंती काचेच्या असलेल्या पेटीत पाण्याचे एक छोटे जग उभे करावे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. लंडनचा रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनशास्त्री. त्याने १८४९ मध्ये एका भांड्यात दोन सोनमासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, असा हिशेब. पण पाने कुजू लागली आणि पाणी गढुळले. तेव्हा त्याने आणखी एक भाडेकरू आणून ठेवला. तो म्हणजे पाणगोगलगाय. तिने कुजकी पाने खाऊन टाकली, पाणी निवळले, आणि तिने घातलेल्या अंड्यांतून जी पिल्ले निघाली ती माशांनी खाल्ली! वॉरिंग्टनने १८५० मध्ये हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. त्यातून लोकांना वाटू लागले की, नीट जुळवाजुळव केली की पेटी आपली आपण चालेल. हात लावायलाच नको.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉसचे पुस्तक निघाले आणि 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघर झाला. इंग्लंडातल्या दिवाणखान्यांत काचेच्या पेट्या आल्या आणि थोड्याच वर्षांत पुष्कळशा निघूनही गेल्या. हा गॉस मोठा धार्मिक आणि तितकाच जिज्ञासू माणूस. समुद्रफूल म्हणून खडकाला चिकटून राहणारा, फुलासारखा उमलणारा प्राणी असतो. तो त्याने एकदा तळून खाऊनही पाहिला. खाणाऱ्याने खाद्याची चव पाहावी हे ठीक, पण हा उलटाच प्रकार झाला.

समुद्रफुलाचा विषय निघाला म्हणून सांगतो. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटली ती एक म्हातारी. १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, नॉर्थ बेरिक येथे, सर जॉन डॅलिएल या गृहस्थाने खडकावरचे एक समुद्रफूल काढून एडिंबरोस आणले. ते तेव्हा सातेक वर्षांचे असावे असा त्याचा अंदाज होता. एका लहानशा काचेच्या बरणीत त्याने ते ठेवले. हवा भरायचे यंत्र नाही, गाळणी नाही. बरणीतले समुद्राचे पाणी बदलत राहायचे, आणि पंधरा दिवसांतून एकदा अर्धी शिनाणी चारायची. आपल्या कोकणातल्या खडकांवर मिळते तशीच ही शिंपली. तिच्यातले मांस काढून अर्धे त्या फुलाच्या तोंडाशी नेऊन धरायचे. पाकळ्या मिटत, घास आत जाई. बस्स. पुढचा घास पंधरा दिवसांनी.

डॅलिएल १८५१ मध्ये वारला. बरणी प्रोफेसर जॉन फ्लेमिंगकडे गेली. १८५७ मध्ये त्या फुलाला एका रात्रीत दोनशेंहून अधिक पिल्ले झाली. त्याच वर्षी फ्लेमिंग वारला, बरणी डॉक्टर मॅकबेनकडे गेली. पुढे एडिंबरोच्या वनस्पती उद्यानातल्या जॉन सॅडलरकडे, आणि त्याच्यामागून रॉबर्ट लिंडसेकडे. लोकांनी त्या फुलाचे नावच 'ग्रॅनी', म्हणजे आजी, असे ठेवले होते. आजीला भेटायला माणसे येत, आणि भेटीची वही ठेवलेली असे तिच्यात सही करीत. १८८७ मध्ये आजी गेली. बरणीतच तिची एकोणसाठ वर्षे झाली होती. तिच्या मरणाची वार्ता वर्तमानपत्रांनी छापली.

मी हे वाचले आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. पाच माणसे, त्यांतली तीन तरी बरणी सांभाळता सांभाळताच गेली, आणि प्रत्येकाने पुढच्याच्या हातात काय दिले? एक बरणी आणि 'पंधरा दिवसांनी अर्धी शिनाणी' एवढा निरोप. कुणी प्रेमाच्या भरात अख्खी दिली असती, रोज दिली असती, तर आजी १८२९ सालही पाहती ना. आमच्या वर्गाच्या पेटीत जे झाले ते हेच. न खाल्लेला घास पाण्यात कुजतो; तो कुजविणारे सूक्ष्म जंतू पाण्यातला प्राणवायू संपवितात; कुजण्यातून आणि माशाच्या मलातून अमोनिया सुटतो, तो कल्ल्यांना जाळतो. शिवाय सोनमाशाला पोट असे वेगळे नसतेच, नुसते आतडे. त्याचे रक्त थंड, म्हणून अन्नाची गरज आपल्या मानाने फार कमी. धडधाकट मोठा सोनमासा आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याचे काही बिघडत नाही. हे मला त्या दिवशी ठाऊक असते तर!

विसाव्या शतकात पाळणारे पुष्कळ शहाणे झाले. वाळविलेले पाणपिसू, आणि मुंगीची अंडी म्हणून विकले जाणारे मुंगीचे कोश, अशी कोरडी खाणी दुकानांत आली होती. पण हौशी लोक ती आपद्धर्म म्हणूनच वापरीत. खरे जेवण घरीच होई. १९३३ मध्ये अमेरिकेत अल्विन सील याने दाखविले की, मिठाच्या सरोवरातल्या बारीक कोळंबीची वाळकी अंडी खारट पाण्यात भिजत घातली की दीड-दोन दिवसांत जिवंत पिल्ले निघतात आणि माशांच्या इवल्या पोरांना ती चालतात. मटकीला मोड आणावेत इतके ते सोपे निघाले. जगभर आज मत्स्यबीज वाढविले जाते ते मोठ्या प्रमाणावर या युक्तीच्या आधाराने.

पण स्वयंपाकघरातल्या खाण्याचा खरा मोठा माणूस म्हणजे डॉक्टर मायरन गॉर्डन. हा न्यूयॉर्कचा आनुवंशशास्त्रज्ञ. प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे मेक्सिकोकडचे बोटभर लांबीचे मासे. आपल्याकडच्या दुकानांतही असतात. १९२०च्या दशकात गॉर्डनने आणि जर्मनीत इतर संशोधकांनी या दोन जातींचा संकर केला, तेव्हा काही संकरित माशांच्या अंगावरचे काळे ठिपके पसरून त्यांची जीवघेणी गाठ झाली. कर्करोगच तो, त्वचेच्या काळ्या पेशींचा. आई निरोगी, बाप निरोगी, आणि लेकराला मात्र रोग! रोगाचे बीज वंशात दडून असते आणि त्याला आवरून धरणारी दुसरी शक्तीही वंशातच असते, हे ताडून पाहायला हातात एक मासा आला.

आता असा अभ्यास करायचा म्हणजे शेकडो पेट्या, हजारो मासे, आणि पिढ्यान् पिढ्या तोच वंश शुद्ध राखणे. त्यांना चारायचे काय? गॉर्डनने गुरांची कलेजी घेतली, तिचे दोरे काढून तिचा रस केला, त्यात मीठ आणि तान्ह्या मुलांची तयार लापशी घातली, ते मिश्रण लहान बरण्यांत भरून गरम पाण्यात ठेवले. उष्णतेने कलेजीतली प्रथिने थिजतात, म्हणून तो लगदा पाण्यात टाकला तरी विरघळून पाणी नासवीत नाही. सारी युक्ती या थिजविण्यात आहे. लापशी 'पॅब्लम' नावाची. टोरांटोच्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९३०च्या सुमारास ती अशक्त अर्भकांसाठी तयार केली होती. मुलांचा घास असा माशांच्या तोंडी गेला. 'गॉर्डनचे मिश्रण' म्हणून छंदी लोकांत ही कृती पसरली आणि घरोघरच्या मडमांनी आपल्या स्वयंपाकघरातल्या त्या वासाबद्दल नवऱ्यांना काय सुनावले असेल याची मला स्वानुभवाने कल्पना आहे.

१९३९ मध्ये गॉर्डनने मेक्सिकोतल्या हामापा नदीतून काही प्लॅटी आणले. गॉर्डन १९५९ मध्ये वारला. मासे राहिले. त्यांचा एक वंश शंभराहून अधिक पिढ्या भावंडाभावंडांत जुळवीत शुद्ध ठेवला गेला, १९९३ मध्ये सारा संग्रह न्यूयॉर्कहून टेक्सासला हलला, आणि २०१३ मध्ये त्याच वंशातल्या माशाची संपूर्ण जनुकलिपी वाचून प्रसिद्ध झाली. नदी सोडल्यापासून चौऱ्याहत्तर वर्षे! मध्ये एक महायुद्ध झाले, माणसे बदलली, गाव बदलला. कुणीतरी रोज सकाळी उठून त्यांना घास घातला. त्या हातांची नावे कोणत्याही ग्रंथात मला सापडली नाहीत, आणि सापडायची शक्यताही नाही.

१९५०च्या दशकात जर्मनीत उलरिख बेन्श याने पातळ पापुद्र्यांचे तयार खाणे काढले. डबी उघडायची, चिमूट टाकायची. त्याने लाखो माशांचे भले झाले यात संशय नाही. पण डबीतले खाणे घालायला इतके सोपे, की बेचाळीस मुलेही घालू शकतात.

मी आता घरी करतो. सोललेले मटार उकडून, पालकाची पाने, थोडी कोळंबी, सारे एकत्र वाटायचे. सौभाग्यवतीने मिक्सर देण्यास साफ नकार दिल्यामुळे पाट्यावर वाटतो. वरवंट्याला मी जुंपलेला पाहून शेजारच्या बायका हसतात. मग चायना ग्रास पाण्यात उकळून त्यात ते वाटण घालायचे आणि ताटलीत ओतायचे. थिजले की बर्फीसारख्या वड्या पाडायच्या, अगदी नखाएवढ्या, आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायच्या. गॉर्डनची कलेजी आमच्या घराच्या उंबऱ्याआत येणे शक्य नव्हते. पण थिजविण्याची अक्कल त्याचीच. पेटीत दोन गोगलगायीही आहेत. त्यांना उकडलेल्या काकडीची चकती लागते, आणि उरलेली दुसऱ्या दिवशी आठवणीने काढावी लागते.

यंदाच्या सुटीसाठी पेटी शाळेशेजारी राहणाऱ्या शिपाईमामांकडे नेऊन ठेवली. त्यांच्याकडे फ्रीज आहे. वर्ग सुटायच्या आधी मुलांनीच वड्या मोजल्या. अठरा दिवस, एक दिवसाआड एक, म्हणजे नऊ. प्रत्येकीची वेगळी पुडी केली, वर तारीख घातली. मामांनी पुड्या हातात घेतल्या, एकेक तारीख वाचली आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "गुरुजी, लक्ष्मीपूजनाच्या पुडीत जरा जास्त घालू का? सणाचं आहे."

मी नको म्हणालो. मग घरी येऊन पाहतो तो कप्प्यात एक वडी उरली होती. ती घेऊन संध्याकाळी पुन्हा मामांकडे गेलो, तिचे दोन भाग केले, आणि त्यातला एक त्या तारखेच्या पुडीत ठेवून आलो.