नोआ वेब्स्टर : एका क्रमिक पुस्तकाचा इतिहास

अमेरिकेतील संयुक्त संस्थानांच्या घडणीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी साहजिकच वॉशिंग्टन, जेफर्सन, हॅमिल्टन आदी राजकारणी पुरुषांवर आणि पुढील पिढीतील इमर्सन, हॉथॉर्न यांसारख्या साहित्यिकांवर स्थिरावते. या दोन मालिकांच्या मधल्या जागेत नोआ वेब्स्टर (१७५८–१८४३) उभा आहे. त्याचे नाव कोशाशी इतके निगडित झाले आहे की, त्याच्या आयुष्यातील बाकीचे कार्य त्या कोशाच्या आड गेले. परंतु तो कोश प्रसिद्ध झाला त्या वेळी वेब्स्टरने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली होती, आणि त्यापूर्वी पंचेचाळीस वर्षे त्याचे एक लहानसे शालेय पुस्तक देशभर वापरात होते. वेब्स्टरच्या प्रभावाचा शोध घ्यावयाचा तर कोशापेक्षा या पुस्तकाकडे आधी वळले पाहिजे. तसे केले म्हणजे एक विलक्षण गोष्ट निदर्शनास येते. भाषेच्या बाबतीत त्याने हेतुपुरस्सर जे घडवू पाहिले, त्यातील बराच भाग लोकांनी नाकारला. आणि त्याच्या पुस्तकाने जे घडविले, त्यातील काही भाग त्याच्या हिशेबात कधी नव्हताच.

वेब्स्टरचा जन्म कनेटिकट संस्थानातील हार्टफर्डजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. शेत गहाण टाकून पित्याने त्याला येल कॉलेजात पाठविले. क्रांतियुद्ध चालू असतानाच, १७७८ साली, तो पदवीधर झाला. त्यानंतर पित्याने त्याच्या हाती आठ डॉलरची एक नोट ठेवून यापुढे स्वतःचा मार्ग स्वतः शोधण्यास सांगितले. ती काँटिनेंटल काँग्रेसची कागदी नोट होती, आणि चलनवाढीमुळे तिचे मोल बरेच घसरलेले होते. कायद्याचा अभ्यास करूनही वकिलीत जम बसण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा त्याने शिक्षकी पत्करली. न्यूयॉर्क संस्थानातील गोशेन या गावी मुलांना शिकवीत असताना १७८२ साली त्याच्या पुस्तकाचा आराखडा तयार झाला. पुढील वर्षी, म्हणजे पॅरिसच्या तहाने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य झाले त्याच वर्षी, हार्टफर्ड येथे ते छापले गेले. पहिल्या आवृत्तीच्या पाच हजार प्रती निघाल्या. ‘अ ग्रॅमॅटिकल इन्स्टिट्यूट ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ या भारदस्त नावाच्या तीन भागांपैकी हा पहिला भाग होता. व्याकरण आणि वाचनपाठ हे पुढचे दोन भाग १७८४ व १७८५ मध्ये निघाले. त्यांचा येथे विचार करण्याचे कारण नाही. पहिला भाग मात्र पुढे ‘अमेरिकन स्पेलिंग बुक’ या नावाने, आणि निळ्या वेष्टनामुळे लोकांच्या तोंडी ‘निळ्या पाठीचे पुस्तक’ म्हणून प्रसिद्धी पावला.

त्या काळी अमेरिकन शाळांतून टॉमस डिलवर्थ या इंग्रज पंतोजीचे पुस्तक चालत असे. वेब्स्टरने त्याचा साचा बहुतांशी कायम ठेवला. प्रथम मुळाक्षरे, मग स्वर-व्यंजनांच्या संयोगांच्या ओळी, नंतर एकाक्षरी, द्व्यक्षरी अशा चढत्या क्रमाने शब्दांचे तक्ते आणि शेवटी छोटी वाक्ये व नीतिकथा, अशी ती मांडणी होती. आपल्या बाराखडीशी या संयोगांच्या ओळींचे साम्य उघड आहे. फरक एवढाच की, देवनागरीत ती लिपीच्या घडणीतून येते, तर रोमन लिपीत ती शिक्षकाला बाहेरून रचावी लागते. वेब्स्टरचे खरे काम शब्दांच्या विभागणीत आहे. डिलवर्थ लॅटिन व्याकरणाच्या नियमांस अनुसरून शब्द तोडीत असे. ‘क्लस्टर’ हा शब्द त्याच्या तक्त्यात ‘क्ल–स्टर’ असा तुटे, आणि ‘नेशन’सारख्या शब्दांतील शेवटच्या प्रत्ययाची दोन अक्षरे मोजली जात. वेब्स्टरने मुलाच्या कानाला जे ऐकू येते ते प्रमाण मानले. ‘क्लस–टर’ अशी फोड केली आणि तो प्रत्यय एकाक्षरी ठरविला. भाषाशास्त्रात ज्याला अवयव किंवा अक्षर म्हणतात, त्याचा निर्णय लेखी परंपरेवरून न करता चालू उच्चारावरून करावयाचा, हे तत्त्व पंचविशीच्या एका खेडेगावच्या शिक्षकाने व्यवहारात आणले, ही गोष्ट साधी नाही. इंग्लंडमधील गावांच्या नावांच्या याद्या काढून त्या जागी त्याने अमेरिकन नगरांची नावे घातली, हा बदल अधिक डोळ्यांत भरणारा असला तरी तुलनेने वरवरचा होता.

पुस्तक छापले म्हणजे दुसऱ्या संस्थानातील कोणीही मुद्रक ते उचलून छापण्यास मोकळा असे, कारण ग्रंथस्वामित्वाचा सर्वराष्ट्रीय कायदाच अस्तित्वात नव्हता. वेब्स्टर एकेका संस्थानाच्या राजधानीस जाऊन विधिमंडळाच्या सभासदांना भेटू लागला. या भ्रमंतीत त्याला मध्यवर्ती सत्तेचे दौर्बल्य जेवढे जवळून दिसले, तेवढे राजनीतीच्या ग्रंथांतून दिसले नसते. बळकट संघराज्याचा पुरस्कार करणारी पुस्तिका त्याने १७८५ साली लिहिली आणि माउंट व्हर्नन येथे जाऊन ती वॉशिंग्टनच्या हाती दिली. त्याच्या राष्ट्रवादाची मुळे अशी काही अंशी त्याच्या व्यवसायातच होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

शब्दलेखनाच्या सुधारणेविषयी वेब्स्टरची भूमिका पहिल्यापासून ठाम होती, हा समज बरोबर नाही. १७८३ च्या पुस्तकात त्याने डॉ. जॉन्सनच्या कोशातील लेखनच स्वीकारले होते. किंबहुना ‘ऑनर’, ‘फेव्हर’ या शब्दांतून ‘यू’ हे अक्षर गाळणाऱ्यांवर त्याने त्यात टीका केली होती. मतांतर घडले ते बेंजामिन फ्रँकलिनच्या सहवासानंतर. फ्रँकलिनने १७६८ साली रोमन वर्णमालेतील सहा अक्षरे वगळून सहा नवी अक्षरे घालणारी ध्वन्यनुसारी लिपी रचली होती आणि तिचे खिळेही पाडून घेतले होते. वेब्स्टरला नवी अक्षरे नको होती. आहे त्याच वर्णांत भागवावे असे त्याचे मत पडले. १७८९ साली फ्रँकलिनला अर्पण केलेल्या ‘डिसर्टेशन्स’ या ग्रंथाच्या अखेरीस त्याने आपली योजना मांडली. उच्चारात नसलेली अक्षरे गाळावीत, दीर्घ ‘ई’ एकाच रीतीने लिहावा, ‘कॅरॅक्टर’ शब्दाच्या आरंभी ‘के’ लिहावा आणि ‘मशीन’ शब्दात ‘एस-एच’ लिहावे, असे तिचे स्वरूप होते. भाषाशास्त्रीय कारणांबरोबर त्याने एक अर्थशास्त्रीय कारणही दिले होते. लेखन वेगळे झाले म्हणजे इंग्लंडमधून आयात होणाऱ्या पुस्तकांऐवजी अमेरिकन आवृत्त्या काढाव्या लागतील आणि देशातील छापखाने जगतील! पुढच्याच वर्षी त्याने या नव्या लेखनात काही निबंध छापून दाखविले. त्यांची बरीच टवाळी झाली, आणि ग्रंथविक्रीत तोटा आला तो निराळाच.

यानंतरची हकीकत माघारीची आहे. १८०६ सालच्या छोट्या कोशात ‘ऑनर’मधील ‘यू’ आणि ‘म्यूझिक’च्या शेवटचा ‘के’ गेला, ‘थिएटर’च्या शेवटची अक्षरे उलटली, परंतु ‘मशीन’ व ‘कॅरॅक्टर’ जुन्या रूपातच राहिले. १८२८ च्या मोठ्या कोशापर्यंत आणखी काही रूपे मागे घेतली गेली. त्यातही नवरदेव या अर्थाच्या ‘ब्राइडग्रूम’ शब्दातील ‘आर’ काढून त्याने ‘ब्राइडगूम’ असे रूप दिले, हे उदाहरण मननीय आहे. प्राचीन इंग्रजीत उत्तरपद ‘गुमा’, म्हणजे पुरुष, असे होते. मोतद्दार या अर्थाच्या ‘ग्रूम’शी त्याची गल्लत नंतर झाली. व्युत्पत्तीच्या दृष्टीने वेब्स्टर येथे निःसंशय बरोबर होता. पण एकाही नवरदेवाने ते रूप घेतले नाही. उलट जी रूपे टिकली, ती छापखान्यात एखादे अक्षर वाचविणारी, वाचकाला न अडखळविणारी आणि आधीच कोठे ना कोठे चालू असलेली अशी होती. ‘म्यूझिक’मधील ‘के’ तर इंग्लंडातही गळाला, तेव्हा त्याचे श्रेय एकट्या वेब्स्टरला देणे अतिशयोक्तीचे होईल. १९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याने सरकारी मुद्रणात तीनशे शब्दांचे सुलभ लेखन वापरण्याचा हुकूम काढला. काँग्रेसच्या विरोधामुळे तो काही महिन्यांतच मागे घ्यावा लागला.

राजकारणातही वेब्स्टर असाच बदलत गेला, मात्र उलट दिशेने. १७९३ मध्ये न्यूयॉर्क येथे फेडरलिस्ट पक्षाची बाजू मांडणारे ‘अमेरिकन मिनर्व्हा’ हे दैनिक त्याने काढले. फ्रेंच क्रांतीचे हिंसक पर्व पाहिल्यावर सामान्य जनांच्या सत्तेविषयी त्याला जे भय वाटू लागले, ते अखेरपर्यंत गेले नाही. त्याच्या स्पेलिंग बुकच्या आवृत्त्यांत राज्यघटनेविषयीची एक प्रश्नोत्तरी होती, तिच्यात मुले लोकशाहीचे दोषही पाठ करीत. १८०८ मध्ये धर्मश्रद्धेचा बदल अनुभवल्यावर हा पुराणमतवाद अधिकच दृढ झाला आणि त्याचा परिणाम त्याच्या भाषाविचारावरही झाला. सर्व भाषा बायबलातील बाबेलपूर्व मूळ भाषेतून निघाल्या, असे गृहीत धरून त्याने सुमारे वीस भाषांचे कोश मेजावर मांडून वर्षानुवर्षे शब्द जुळविले. बॉपचा संस्कृत क्रियापदांवरील ग्रंथ १८१६ साली आणि रास्कचा प्रबंध १८१८ साली निघाला. ग्रिमच्या व्याकरणाची सुधारलेली आवृत्ती १८२२ मध्ये आली. तुलनात्मक भाषाशास्त्राचा हा पाया घातला जात असताना वेब्स्टर जुन्याच वाटेने चालत राहिला. सुमारे सत्तर हजार शब्दांच्या त्याच्या कोशाचे सामर्थ्य अर्थकथनात आहे, व्युत्पत्तीत नाही. १८६४ च्या आवृत्तीसाठी बर्लिनच्या मान नावाच्या विद्वानाकडून त्या व्युत्पत्ती जवळजवळ सर्वच नव्याने लिहवून घ्याव्या लागल्या. १८२८ च्या आवृत्तीच्या प्रती होत्या अडीच हजार आणि किंमत वीस डॉलर. सामान्य घरात तो ग्रंथ जाणे शक्यच नव्हते. वेब्स्टरच्या मृत्यूनंतर स्प्रिंगफील्डच्या मेरियम बंधूंनी हक्क विकत घेतले आणि १८४७ मध्ये सहा डॉलरची आवृत्ती काढली, तेव्हा कोठे कोश लोकांपर्यंत पोहोचला.

स्पेलिंग बुकाची गोष्ट अगदी निराळी. लेखकाला प्रतीमागे एका सेंटहूनही कमी मिळे. पण १८३७ पर्यंत दीड कोटी प्रती खपल्याचा अंदाज केला जातो. १७९० च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या एकोणचाळीस लाख होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. या लोकसंख्येत सुमारे सात लाख गुलाम होते. प्रांतोप्रांतीच्या उच्चारभेदांतून उद्भवणारा परस्परांचा उपहास थांबावा आणि एक राष्ट्र एका वाणीने बोलावे, ही वेब्स्टरची आकांक्षा होती. या एका वाणीत त्या सात लाखांचे स्थान कोणते, हा प्रश्न भाषेच्या संदर्भात त्याने विचारलेला दिसत नाही. गुलामगिरी नीतीला आणि उद्योगाला घातक आहे, असे प्रतिपादन त्याने १७९३ मध्ये केले होते. परंतु उतारवयात, उत्तरेच्या लोकांनी दक्षिणेच्या या व्यवहारात पडू नये, असे तो म्हणू लागला. दरम्यान जॉर्जियाने १८२९ मध्ये, उत्तर कॅरोलायनाने १८३० मध्ये आणि दक्षिण कॅरोलायनाने १८३४ मध्ये गुलामांना अक्षरओळख करून देणे हा गुन्हा ठरविला.

याच सुमारास मेरीलँडमधील बॉल्टिमोर शहरात फ्रेडरिक डग्लस हा गुलाम मुलगा लिहिण्यास शिकत होता. मालकिणीने मुळाक्षरे शिकवावयास घेतली, पण मालकाने ती बंद करविली. मुलाने मग जहाजांच्या कारखान्यात सुतार लाकडांवर डाव्या-उजव्या बाजूच्या खुणेची जी अक्षरे काढीत ती टिपली; रस्त्यावरील गोऱ्या मुलांना आपली भाकरी देऊन त्यांच्याकडून धडे घेतले; भिंती, कुंपणे आणि फरसबंदी यांच्यावर खडूने गिरविले. वेब्स्टरचे स्पेलिंग बुक तो खिशात बाळगीत असे, आणि त्यातील तिरप्या ठशाची अक्षरे न पाहता वळविता येईपर्यंत त्याने ती उतरवून काढली. ही हकीकत त्याने स्वतःच १८४५ व १८५५ च्या आत्मचरित्रांत नोंदविली आहे. १८३८ साली तो निसटला, आणि पुढे गुलामगिरीविरोधी चळवळीतील अग्रगण्य वक्ता व संपादक झाला. ज्या यादवी युद्धाने ती प्रथा संपविली, त्याचे पडसाद पुण्यापर्यंत उमटले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ तेथील दास्यविमोचक लोकांना अर्पण केला, हे सर्वश्रुत आहे.

युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांत या पुस्तकाची मागणी एकाएकी वाढली. पुढे टस्कीगी येथील विद्यालयाचा प्रमुख झालेला बुकर वॉशिंग्टन त्या वेळी पश्चिम व्हर्जिनियातील मिठाच्या भट्ट्यांवर मजुरी करणारा लहान मुलगा होता. सावत्र बापाच्या पिंपांवर घालण्यात येणारा ‘१८’ हा आकडा, एवढीच त्याची अक्षरविद्या. त्याच्या आईला स्वतःला वाचता येत नव्हते. पण तिने कोठून तरी निळ्या पाठीचे पुस्तक पैदा केले. आसपासच्या कृष्णवर्णीयांत ते शिकवू शकेल असे कोणी नव्हते, आणि गोऱ्यांकडे जाण्याचा त्याला धीर होत नव्हता. तेव्हा स्वर-व्यंजनांच्या त्या ओळी समोर ठेवून, कोणते चिन्ह कोणत्या ध्वनीचे हे कोणी न सांगता, त्याने काही आठवड्यांत बहुतेक मुळाक्षरे आपली आपण उलगडली.