मालकी आणि वहिवाट

देवस्थानाच्या जमिनीचा सातबारा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. मालक म्हणून तिथं देवाचं नाव असतं. पुजारी जमीन कसतो, पीक घेतो, त्यावर त्याचं घर चालतं. पण मालक देव आणि पुजारी नुसता वहिवाटदार. आमच्याकडे वक्फच्या जमिनीचंही तसंच आहे. दर्ग्याचा मुजावर पिढ्यान् पिढ्या तिथं राहतो, पण जमीन त्याच्या नावावर होत नाही. मालकी एकाची, वहिवाट दुसऱ्याची, हे आपल्याला नवीन नाही. श्रोतेहो, याच दोन शब्दांवरून ख्रिस्ती धर्मात एकेकाळी शंभर वर्षं वाद चालला. त्यापायी माणसं जिवंत जाळली गेली. आणि त्या वादात तुरुंग भोगलेला एक साधू शेवटी आपल्या ठाण्यात मरण पावला.

ख्रिस्ती धर्मात धनाचा प्रश्न पहिल्यापासून आहे. आपल्याकडे आलेल्या एका श्रीमंत तरुणाला येशूनं सांगितलं, की तुझं सगळं विकून गरिबांना वाटून टाक आणि माझ्यामागून ये. तो तरुण खिन्न होऊन निघून गेला. पण त्याच शुभवर्तमानांमध्ये येशूच्या शिष्यांची एक सामायिक थैली आहे, आणि ती यहूदाच्या हाती आहे. थैली होती, म्हणजे पैसा होता. मग तो कोणाचा होता? पहिली काही शतकं हा प्रश्न कुणाला फारसा टोचला नाही, कारण चर्चकडेच फारसं काही नव्हतं. चौथ्या शतकात रोमन सम्राटांचा आश्रय मिळाला, दानं येऊ लागली, आणि मध्ययुगात चर्च युरोपातला मोठा जमीनदार झाला. मठातल्या एकेका साधूकडे स्वतःचं काही नसे, पण मठाकडे शेतं, द्राक्षमळे आणि कुळं असत.

इटलीतल्या असिसी गावच्या फ्रान्सिसनं इथं वेगळी वाट धरली. बाप कापडाचा धनाढ्य व्यापारी. 1206 साली बिशपसमोर अंगावरचे कपडे उतरवून त्यानं ते बापाला परत केले. पुढं त्याच्याभोवती माणसं जमली आणि एक पंथ उभा राहिला. 1223 साली पोपनं या पंथाचे नियम मंजूर केले. नाणं हाती घ्यायचं नाही, दुसऱ्याकरवीही घ्यायचं नाही. घर, जागा, वस्तू, काहीही आपलं म्हणायचं नाही. एकट्याचंही नाही आणि सगळ्या पंथाचंही नाही. पुढलं म्हणणं नवं होतं.

फ्रान्सिसविषयी मला पूर्वीपासून आपलेपणा आहे. धर्मयुद्धाच्या ऐन धुमाळीत, 1219 साली, तो इजिप्तचा सुलतान अल-कामिल याला भेटायला शत्रूच्या छावणीत गेला आणि सुखरूप परत आला. सूफी परंपरेत ज्याला ‘फक्र’ म्हणतात, ज्यातून आपला ‘फकीर’ शब्द आला, ते रिकामेपण सुलतानाला ओळखीचं वाटलं असेल, असं माझं कवीमन म्हणतं. इतिहास त्याची ग्वाही देत नाही.

1226 साली फ्रान्सिस गेला. जाताना बजावून गेला, की माझ्या नियमांचे अर्थ लावत बसू नका. पण पंथात हजारो माणसं आली होती. त्यांना छप्पर हवं, ग्रंथ हवेत, आजाऱ्याला औषध हवं. 1228 साली फ्रान्सिसला संतपद मिळालं आणि त्याच वर्षी असिसीत त्याच्या नावानं भव्य मंदिराचं बांधकाम सुरू झालं. 1230 साली पोपनं ठरवलं, की त्याची शेवटची आज्ञा पंथावर बंधनकारक नाही. पुढं 1245 साली कायद्याची तोड निघाली: पंथाला मिळणाऱ्या वस्तूंची मालकी पोपची, साधूंची फक्त वहिवाट. कागदावर साधू निष्कांचन राहिले आणि मठांची कोठारं भरू लागली.

ज्यांना हे पटलं नाही, ते आखूड, ठिगळं लावलेला झगा घालून फिरू लागले. आपण फ्रान्सिसच्या शब्दाला धरून आहोत, असं ते म्हणत. त्यांतला एक तोलेंतिनो गावचा थॉमस. सोबत्यांबरोबर त्याला कित्येक वर्षं कोठडीत ठेवलं गेलं, आणि कोंडणारे त्याच्याच पंथाचे होते. 1289 साली पंथाला नवा प्रमुख मिळाला, तेव्हा हे लोक सुटले आणि त्यांना दूर आर्मेनियाकडे धाडण्यात आलं.

इकडं 1316 साली बाविसावा जॉन पोप झाला. पोपची गादी तेव्हा फ्रान्समध्ये आविन्यों शहरात होती. हा पोप कायद्याचा पंडित आणि खजिन्याचा चोख हिशेबी. त्यानं फर्मान काढलं, की झगा किती लांब आणि कोठारात धान्य किती हे मठाचे वरिष्ठ ठरवतील. दारिद्र्यापेक्षा आज्ञापालन मोठं. 1318 साली, हे न मानणाऱ्या चार साधूंना मार्सेय शहरात जाळण्यात आलं.

तीनच वर्षांनी, 1321 च्या एप्रिलमध्ये, थॉमस तीन साथीदारांसह ठाण्याला पोचला होता. होर्मुझहून निघालेलं त्यांचं जहाज कोल्लमऐवजी इकडं लागलं होतं. ठाण्यात एका ख्रिस्ती कुटुंबानं त्यांना आसरा दिला. त्या घरातलं नवराबायकोचं भांडण काझीकडे गेलं, साधूंना साक्षीला बोलावलं गेलं, आणि बोलणं धर्माच्या वादावर गेलं. पैगंबरांविषयी तुमचं मत काय, असं त्यांना विचारण्यात आलं. उत्तर ऐकून संताप उसळला आणि चौघांनाही ठार मारण्यात आलं. जॉर्डन नावाच्या साधूनं त्यांची प्रेतं सोपाऱ्याला पुरली. पुढं आलेल्या ओडोरिक या प्रवाशानं त्यांची हाडं चीनला नेली आणि ही हकिकत लिहून ठेवली. मी मुसलमान आहे, म्हणून हा भाग हळूच वगळावा असं मला वाटत नाही. पाहुण्यांना मतासाठी मारणं हा ठाण्याचा कलंक, तसा जाळणं हा मार्सेयचा.

थॉमसच्या मरणानंतर दुसऱ्याच वर्षी वाद शिगेला पोचला. 1322 साली पंथाच्या सभेनं जाहीर केलं, की येशू आणि त्याचे शिष्य यांच्या मालकीचं काहीच नव्हतं. पोपनं उत्तरादाखल पंथाच्या मालमत्तेची मालकी सोडून दिली. तुमचं तुम्ही सांभाळा! सोबत त्यानं एक प्रश्न टाकला. घराची मालकी एकाची आणि वापर दुसऱ्याचा, हे समजतं. पण अंडं, चीज, भाकरीचा तुकडा? साधूनं तो खाऊन संपवला, तर मालकी पोपकडे उरते म्हणजे नेमकं काय उरतं? पंथाचा वकील बोनाग्राशिया यानं उलट दाखला दिला: घोडा चंदी खातो, म्हणून तो चंदीचा मालक होतो का? 1323 साली पोपनं येशूच्या निर्धनतेचं ते मत पाखंड ठरवलं. 1328 साली पंथाचा प्रमुख मायकेल, बोनाग्राशिया आणि प्रसिद्ध तत्त्वज्ञ ओकमचा विल्यम रातोरात आविन्योंहून पळाले आणि त्यांनी सम्राटाचा आश्रय घेतला.

मला पोपचा प्रश्न खरा वाटतो, जरी तो भरल्या खजिन्यावर बसून विचारलेला होता. ज्याचा अडसर कधीच जाणवत नाही, अशी दुसऱ्याची मालकी म्हणजे कागदावरची शाई. आज आपल्याकडे सगळ्याच धर्मांत असे त्यागी पुरुष दिसतात, ज्यांच्या नावावर काही नसतं. गाडी ट्रस्टची, बंगला ट्रस्टचा. आणि मला घोड्याचा दाखलाही खरा वाटतो. घोडा उद्याची चंदी साठवत नाही, दुसऱ्याच्या तोंडची ओढून आपल्या नावावर करत नाही. थॉमससारख्यांनी कोठडीतही धरून ठेवलं, ते हेच असावं.

गरिबी हे ज्यांचं व्रत नव्हतं, नशीब होतं, त्या कुळांना या शंभर वर्षांच्या वादात कुणी काही विचारल्याचं दिसत नाही. त्यांच्या लेखी मालक मठ असला काय आणि पोप असला काय, खंड तेवढाच. म्हणून कुणाचं वैराग्य जोखायचं असेल, तर सातबाऱ्यावरचं नाव पाहून भागत नाही. त्याच्या ताटात काय आहे, कोठारात किती आहे आणि दाराशी आलेल्याला त्यातलं किती मिळतं, ही वहिवाट पाहावी लागते.