लेझरने डोळा वाचला, कॉर्नियाचं काय?

काचबिंदूसाठी लेझर करायचं ठरलं की पेशंट दोनच गोष्टी विचारतात: दुखेल का आणि घरी कधी सोडाल. कॉर्नियाला काही होईल का, असं सहसा कुणी विचारत नाही. मी मात्र ते सांगितल्याशिवाय कुणाला लेझरला बसवत नाही, आणि त्याला कारण जपानमध्ये घडलेला इतिहास आहे.

अँगल (कॉर्निया आणि डोळ्याचा रंगीत पडदा म्हणजे आयरिस यांच्यातली पाणी वाहून जाण्याची जागा) बंद होणाऱ्या काचबिंदूत आयरिसच्या मागे पाणी अडतं आणि डोळ्याचा दाब चढतो. आयरिसचा लहानसा तुकडा कापला तर दाब उतरतो, हे बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी 1857 मध्ये मांडलं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं हे काम सुरीचंच राहिलं. 1956 मध्ये जर्मनीच्याच मायर-श्विकेराथ यांनी झेनॉन दिव्याच्या प्रखर झोताने आयरिसला भोक पाडून पाहिलं. भोक पडलं, पण उष्णतेने कॉर्निया आणि भिंग दोन्ही गढूळ झाले, म्हणून तो मार्ग सोडावा लागला. बाहेरून सोडलेला प्रकाश आयरिसपर्यंत पोचतो तो कॉर्नियातूनच, ही अडचण अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे.

1970 च्या दशकात आर्गन लेझर आलं आणि ऑपरेशन थिएटरमधलं काम ओपीडीत होऊ लागलं. पायलोकार्पिनच्या थेंबांनी बाहुली बारीक करायची, हनुवटी स्लिट लॅम्पवर टेकवायची, जेल लावून अब्राहम लेन्स डोळ्यावर ठेवायची. या लेन्सवरच्या छोट्या फुगीर भिंगामुळे किरण कॉर्नियावर पसरट राहतो आणि आयरिसवर एकवटतो. वरच्या पापणीखाली, घड्याळातल्या अकराच्या किंवा एकच्या जागी, आयरिसचा पातळ भाग शोधून नेम धरायचा. आर्गन उष्णतेने काम करतं. जपानी माणसाची किंवा आपली आयरिस तपकिरी आणि जाड, म्हणून एका भोकासाठी पुन्हा पुन्हा डाग द्यावे लागतात. धूर निघावा तसे रंगकण उडतात, कॉर्नियाच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटतात. किरण फार वेळ चालला तर तिथेच पांढुरका ठिपका उमटतो.

तो ठिपका बहुतेक वेळा विरतो. खरा धोका दिसत नाही. कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, आणि त्याच्या आतल्या अंगाला षट्कोनी पेशींचा एकच थर असतो. तो सतत पाणी बाहेर फेकतो म्हणून कॉर्निया पारदर्शक राहतो. ऐन तारुण्यात चौरस मिलिमीटरला सुमारे 3000 पेशी असतात. माणसात गेलेल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत, उरलेल्या पसरून जागा भरतात. संख्या पाचशे-सातशेच्या खाली गेली की पाणी साठू लागतं. आधी सकाळी धूसर आणि दुपारी स्वच्छ दिसतं, मग पृष्ठभागावर फोड येतात आणि ते फुटताना डोळा ठणकतो. हीच बुलस केरॅटोपॅथी.

जपानने हा धडा एकदा घेतला होता. टोकियोच्या जुंतेंदो विद्यापीठातले त्सुतोमु सातो यांनी चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी कॉर्नियाला आतल्या बाजूने चिरा दिल्या. त्या थराचं मोल तेव्हा माहीत नव्हतं, आणि त्यातले अनेक डोळे वर्षांनी गढूळ झाले. आर्गनच्या बाबतीतही उशीरच नडला. उथळ डोळ्यांना खबरदारी म्हणून सर्रास लेझर झालं होतं, आणि कॉर्निया सुजायला पुढे कित्येक वर्षं लागत. 2007 मध्ये क्योतोच्या डॉक्टरांनी आपलेच आकडे छापून हा वाढता प्रश्न असल्याचं जाहीर केलं. त्याच सुमाराच्या जपानमधल्या अनेक रुग्णालयांच्या पाहणीत, बुलस केरॅटोपॅथीच्या पेशंटांपैकी जवळपास पाव भागात कारण लेझरने पाडलेलं भोक निघालं. स्वतःच्या हातून झालेलं असं मोजून जगापुढे ठेवणाऱ्या त्या डॉक्टरांबद्दल मला मनापासून आदर आहे.

नेमकं कशामुळे? जादा उष्णता हे एक कारण. भोकातून येणारी पाण्याची धार पेशींवर आपटत राहते, असं दुसरं मत. लेझरनंतर रेंगाळणारा दाह हे तिसरं. मला वाटतं, ज्यांना काचबिंदूचा जोरदार झटका येऊन गेलेला असतो त्यांच्या पेशी आधीच कमी झालेल्या असतात आणि लेझर त्यावर भर घालतं. उष्णतेऐवजी सूक्ष्म स्फोटाने काम करणाऱ्या यॅग लेझरने उष्णतेचा भाग पुष्कळ कमी झाला. आम्ही जाड आयरिसवर आधी थोडं आर्गन आणि मग यॅग वापरतो, ते त्यासाठीच.

क्योतोच्या किनोशिता यांच्या गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या दहा लाख पेशी बुलस केरॅटोपॅथीच्या 11 पेशंटांच्या डोळ्यांत टोचल्या आणि त्यांना तीन तास पालथं झोपवलं, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. पेशी खाली बसून कॉर्नियाला चिकटाव्यात म्हणून. कॉर्निया निवळले. मुळात लेझर कुणाला करावं, याचं एक उत्तर 2019 मध्ये चीनच्या ग्वांगझूमधून आलं. 889 जणांच्या एकाच डोळ्याला लेझर केलं, दुसरा तसाच ठेवला. सहा वर्षांत लेझर केलेल्या 19 आणि न केलेल्या 36 डोळ्यांत आजार पुढे सरकला. फायदा आहे, पण धोका मुळातच इतका कमी की केवळ अँगल अरुंद दिसला म्हणून सरसकट भोक पाडू नये, असं त्यांनी लिहिलं.

ज्याला झटका आलाय त्याला लेझर लागतंच, तिथे मी टाळाटाळ करत नाही. नुसता अरुंद अँगल असेल तर मात्र आधी स्पेक्युलर मायक्रोस्कोपवर पेशी मोजून घेतो, आणि तो आकडा पेशंटच्या कागदावर लिहून देतो.