जमिनीचा श्वास

शहरांचे इतिहास बहुधा किल्ल्यापासून सुरू होतात आणि राजवाड्यापाशी येऊन थांबतात. शहरात पाणी कोठून आले, एवढे इतिहासकार प्रसंगी सांगतो. कारण तलाव बांधणे हे पुण्यकर्म मानलेले, आणि पुण्यकर्माचा शिलालेख कोरला जातो. परंतु वापरून झालेले पाणी गेले कोठे, याचा शिलालेख कोणी कोरीत नाही. शहरांचे आयुष्यमान मात्र या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरही तितकेच अवलंबून राहिलेले आहे. बेंगळूरच्या चिकपेट भागाच्या आधाराने आज या उपेक्षित प्रश्नाचा थोडा विचार करू.

चिकपेटचे नाव मराठी कानाला परके वाटू नये. कानडीत ‘चिक्क’ म्हणजे लहान आणि ‘पेटे’ म्हणजे आपली पेठ. १५३७ च्या सुमारास केंपेगौडाने मातीचा कोट घालून हे नगर वसविले, आणि कोटाच्या आत धंद्यांप्रमाणे पेठा पाडल्या. १६३८ नंतर विजापूर दरबाराकडून ही जहागीर शहाजीराजांकडे आली. पुढे ती एकोजीराजांकडे राहिली. आणि १६८७ च्या धामधुमीत शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. तीन लाख रुपयांच्या त्या सौद्याची कथा प्रसिद्धच आहे. राज्ये अशी बदलली, तरी पेठेची घडण फारशी बदलली नाही. भिंतीला भिंत लागलेली घरे, पुढे दुकान, मागे राहणे आणि मध्ये अरुंद गल्ली, हे रूप आजही तेथे ओळखू येते.

केंपेगौडाची खरी दूरदृष्टी तलावांत दिसते. पेठ उंचवट्यावर आणि भोवतालच्या सखल भागात तलाव, अशी ती योजना होती. धर्मांबुधी, केंपांबुधी, संपंगी, सिद्दीकट्टे ही त्या तलावांची नावे. बेंगळूरला मोठी नदी नाही. म्हणून पाऊस अडवावा, तो जमिनीत मुरू द्यावा आणि मुरलेले पाणी विहिरीतून शेंदावे, हा क्रम. पाणी घागरीने आणावे लागे, म्हणून ते घागरीच्याच मापाने खर्च होई. मैला कोरडा उचलला जाई, आणि उचलण्याचे काम समाजाने ठराविक जातींच्या माथी मारलेले होते. त्या व्यवस्थेत जमिनीवर ताण कमी होता. परंतु तो माणसांवर टाकलेला होता, हे विसरता येत नाही.

हा जुना तोल बिघडला तो नळामुळे. १८९४ ते १८९६ या काळात अर्कावती नदीवरील हेसरघट्ट तलावाचे पाणी बेंगळूरला आणण्यात आले. नळ आला की पाण्याचा खर्च वाढतो, आणि जितके पाणी घरात येते जवळजवळ तितकेच घराबाहेर पडते. येणाऱ्या पाण्याची सोय आधी झाली. जाणाऱ्या पाण्याची सोय मागे राहिली. जगातील पुष्कळ शहरांत हाच क्रम दिसतो.

लवकरच, १८९८ च्या ऑगस्टमध्ये, प्लेगने बेंगळूर गाठले. प्लेग पसरतो तो उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे, सांडपाण्यामुळे नव्हे. तथापि दाट वस्ती, ओल आणि अंधार यांच्याकडे राज्यकर्त्यांचे लक्ष वेधले ते या साथीने. १८९१ साली सुमारे ऐंशी हजार असलेली शहराची लोकसंख्या १९०१ साली सुमारे एकोणसत्तर हजारांवर उतरली. याच काळात बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् ही नवी उपनगरे आकाराला आली. रुंद रस्ते, घराभोवती परस आणि घरांच्या पाठीमागून सफाईसाठी वेगळी गल्ली, अशी त्यांची आखणी होती. चिकपेटला नसलेली एक गोष्ट त्यांना मिळाली होती, ती म्हणजे मोकळी जमीन. घरगुती सांडपाण्याच्या प्रश्नात तिचे मोल किती, हे समजण्यासाठी त्याच सुमारास पश्चिमेकडे निघालेल्या एका युक्तीकडे वळले पाहिजे.

फ्रान्समध्ये १८६० च्या सुमारास लुई मुरास नावाच्या गृहस्थाने घराचा मैला बंद टाकीत सोडला, आणि काही वर्षांनी टाकी उघडली तेव्हा तीत घन भाग अपेक्षेपेक्षा फारच थोडा उरलेला आढळला. १८९५ साली इंग्लंडमध्ये एक्सेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन या अभियंत्याने हेच तत्त्व नगराच्या सांडपाण्याला लावले आणि टाकीला ‘सेप्टिक’ हे नाव दिले. आपल्याकडे मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयगृहात १८९७ च्या सुमारास अशा टाकीतून निघणारा वायू जाळून उपयोगात आणण्याचा प्रयोग झाला होता.

टाकीचे काम साधे आहे. जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग वर तरंगतो, आणि हवेवाचून जगणारे जंतू घन भागाचा बराचसा अंश पचवितात. मधले पाणी दिसावयास थोडे निवळ होऊन बाहेर पडते. येथेच पुष्कळांची समजूत चुकते. बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते. रोगजंतू त्यात असतातच. टाकी केवळ अर्धे काम करते, उरलेले अर्धे जमीन करते. टाकीतील पाणी भोके पाडलेल्या नळांतून खडीच्या चरांत सोडावयाचे आणि तेथून ते मातीत झिरपू द्यावयाचे, हे या व्यवस्थेचे दुसरे अंग. त्याला शोषक्षेत्र म्हणावे.

माती पाणी गाळते ती केवळ चाळणीसारखी नव्हे. मातीच्या कणांमध्ये हवा असते, हवेवर जगणारे जंतू असतात, आणि तेच घाण खाऊन पाणी निर्मळ करतात. या सत्याचा बेंगळूरशी एक सुंदर संबंध आहे. १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा फुंकून ते शुद्ध करण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर हे १९१६ साली बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले आणि भारतातील सांडपाण्याचा अभ्यास करू लागले. मोठ्या शहराच्या कुंडात यंत्राने जी हवा फुंकावी लागते, ती परसातली मोकळी माती फुकट पुरविते. अट एवढीच, की मातीचा श्वास कोंडता कामा नये.

शोषक्षेत्र तुंबते ते हा श्वास कोंडल्यामुळेच. मातीची छिद्रे पाण्याने भरली की हवा निघून जाते. हवेवर जगणारे जंतू मरतात. काळा चिकट थर चरांच्या तळाशी धरतो. आणि त्या थरामुळे पाणी आणखीच मुरेनासे होते. मग संडासातले पाणी सावकाश उतरू लागते, मोरीतून बुडबुडे येतात, परसात कोरड्या दिवशीही ओल दिसते आणि एकाच पट्ट्यातले गवत विलक्षण हिरवेगार होते. घरमालक टाकी उपसून घेतो. आठ दिवस बरे वाटते. पुन्हा तीच स्थिती. दोष टाकीत नसताना टाकीवर उपचार केल्याचा हा परिणाम.

म्हणून परीक्षा क्रमाने करावी. पहिला प्रश्न ऋतूचा. तक्रार केवळ पावसाळ्यात असेल, तर जमिनीखालील पाणी वर चढते आहे किंवा पागोळ्यांचे पाणी शोषक्षेत्रात जाते आहे. बेंगळूरला सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाचा भर असतो, हे येथे लक्षात ठेवावे. तक्रार बारमाही असेल, तर चरांत काळा थर दाट झाला आहे किंवा वापर जमिनीच्या ताकदीबाहेर गेला आहे. दुसरा प्रश्न पातळीचा. टाकीचे झाकण जाणकाराकडून उघडवून, ज्योत जवळ न नेता, बाहेरूनच पाहावे. पाणी बाहेर जाणाऱ्या नळाच्या वर उभे असेल, तर अडथळा टाकीच्या पुढे आहे. टाकी उपसताना त्याच नळातून पाणी उलटे आत येऊ लागले, तर शोषक्षेत्र भरलेले आहे याविषयी संशय उरत नाही. तिसरा प्रश्न घरातला. रात्रंदिवस गळणारी एक तोटी किंवा न थांबणारी संडासाची टाकी चांगल्या जमिनीलाही बुडवू शकते.

उपायही याच क्रमाने येतात. पावसाचे पाणी दूर वळवावे, गळती थांबवावी, वापर कमी करावा. शक्य असल्यास शोषक्षेत्राचे दोन भाग करून एकाला काही महिने विसावा द्यावा. सुकलेल्या मातीत हवा शिरते आणि काळा थर आपोआप झिजू लागतो. भूजलच वर असेल, तर जमिनीवर वाळूचा उंचवटा रचून त्यात पाणी मुरवावे लागते. जमीन चिंब असताना टाकी पूर्ण रिकामी करू नये. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती उचलली जाण्याची किंवा तडकण्याची भीती असते. जंतूंची विकतची पूड टाकून बुडालेली जमीन कोरडी होत नाही. आणि नवी टाकी बांधण्यापूर्वी जमिनीची परीक्षा घ्यावी. न्यूयॉर्क राज्यात हेन्री रायन यांनी १९२६ च्या सुमारास रूढ केलेली रीत सोपी आहे. खड्डा खणावा, भोवतालची माती आधी भिजवून घ्यावी आणि मग पाणी किती वेळात किती उतरते ते मोजावे. मात्र ही परीक्षा चैत्रात घेतली आणि भाद्रपदात संसार थाटला, तर जमिनीला दोष देता येणार नाही.

आता पुन्हा चिकपेटकडे येऊ. तेथे परसच नाही, तर शोषक्षेत्र कोठून असणार? दाट पेठेत शोषखड्डा खणला तर तो शेजाऱ्याच्या विहिरीशेजारीच येणार. १८५४ साली लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या विहिरीजवळच्या एका मैलाखड्ड्याची वीटबांधणी ढासळलेली होती, आणि त्या विहिरीच्या पाण्याने पसरलेल्या पटकीने शेकडो माणसे दगावली. दाट वस्तीला उपाय एकच, तो म्हणजे भुयारी गटार. बेंगळूर शहरात त्याचा आरंभ १९२२ मध्ये झाला, आणि १९६४ साली पाणीपुरवठा व मलनिःसारण यांसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले.

तथापि गटाराने घाण नाहीशी होत नाही, ती पुढे जाते. पेठेची घाण वृषभावतीच्या खोऱ्यात गेली, आणि बसवनगुडीजवळ उगम पावणारी ती नदी नाल्याच्या पदवीला पोहोचली. तलावांचेही तसेच झाले. सिद्दीकट्टेच्या जागी १९२१ च्या सुमारास कृष्णराजेंद्र बाजार उभा राहिला. धर्मांबुधीच्या जागी बसस्थानक झाले. संपंगीच्या पात्रात क्रीडांगण आले. तलाव बुजविता येतो, पण त्याच्याकडे वाहणारा उतार बुजविता येत नाही. अशा जागी पाऊस पडला की पाणी जुन्या वाटेनेच येते.

१९७४ साली कावेरीचे पाणी बेंगळूरला पोहोचले आणि शहर झपाट्याने पसरले. गटारापेक्षा वस्ती नेहमी पुढे धावली. पेठेने शंभर वर्षांपूर्वी अनुभवलेली अडचण आज शहराच्या कडेच्या वस्त्यांत, आणि पुण्या-ठाण्याच्या वेशीवरही, पुन्हा दिसते. भूखंड लहान, माणसे पुष्कळ, पाणी टँकरचे आणि शोषखड्डा चार हातांवर.

यात खरी किंमत कोण मोजतो, हे सांगितल्यावाचून विषय पुरा होत नाही. टाकी तुंबली की कोणा गरजवंताला थोड्या पैशांवर आत उतरविले जाते. टाकीत प्राणवायू नसतो. तेथील विषारी वायू एका-दोन श्वासांत शुद्ध हरपवितो. आणि त्याला वाचविण्यास उतरलेला दुसराही परत येत नाही. २०१३ च्या कायद्याने असे धोकादायक काम करविणे हा गुन्हा ठरविला. अशा मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपये भरपाई ठरविली आणि २०२३ मध्ये ती तीस लाख केली. तरीही वृत्तपत्रांतून तशा बातम्या येतच राहतात. कायदा मृत्यूनंतर भरपाई देववू शकतो. मृत्यू टाळणे हे ज्याच्या अंगणात टाकी आहे त्याच्या हाती आहे. माणूस आत उतरवावयाचा नाही, यंत्रानेच उपसावयाचे, आणि मुळात वरचेवर उपसण्याची पाळीच येऊ नये इतकेच पाणी जमिनीला पाजावयाचे, एवढा निश्चय त्याला करता येतो.

नव्या घराचा नकाशा मंजुरीसाठी येतो तेव्हा त्यात दिवाणखाना किती, स्वयंपाकघर किती, हे बारकाईने मांडलेले असते. शोषक्षेत्रासाठी बहुधा कोपऱ्यात एक लहानसे वर्तुळ काढलेले असते. ते वर्तुळ काढण्यापूर्वी तेथील माती भर पावसाळ्यात किती पाणी पिते, एवढे मोजून पाहण्याची वहिवाट पडली, तर चिकपेटने दिलेला धडा वाया गेला नाही असे म्हणता येईल.