बुडाली म्हणून वाचली

शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर दुसऱ्या महायुद्धातले एक 'वाइल्डकॅट' लढाऊ विमान मांडलेले आहे. ज्यांचे नाव विमानतळाला दिले, त्या एडवर्ड ओ'हेअर यांच्या विमानासारखी खुणा-रंगांची सजावट त्यावर आहे. विमान मात्र त्यांचे नव्हे. १९४३ मध्ये सरावात ते मिशिगन सरोवरात बुडाले होते.

या सरोवरात युद्धविमाने आली कशी? समुद्रात पाणबुड्यांचे भय होते आणि विमानवाहू नौका आघाडीवर गुंतलेल्या. म्हणून अमेरिकी नौदलाने सरोवरातल्या दोन उतारू आगबोटी घेऊन त्यांच्यावर धावपट्ट्या बसवल्या. 'वुल्व्हरिन' १९४२ मध्ये आणि 'सेबल' १९४३ मध्ये रुजू झाली. बाजूच्या चाकांनी पाणी कापणाऱ्या या कोळशाच्या बोटींचा वेग बेताचाच. वारा पडला की सराव थांबे. तरीही १७,०००हून अधिक वैमानिक येथे तयार झाले. त्या खटाटोपात शंभरावर विमाने तळाशी गेली आणि काही तरुणांचे प्राणही.

युद्ध संपल्यावर आघाडीवरून परतलेली असंख्य विमाने भंगारात निघाली. सरोवरातली मात्र थंड, बिनखारट पाण्यात टिकली. १९९४ मध्ये वर काढलेल्या '२१०६' क्रमांकाच्या 'डॉन्टलेस' बॉम्बफेकी विमानाने तर मिडवेची लढाई पाहिली होती. दोनशेहून अधिक भोके घेऊन ते परतले, दुरुस्त होऊन सरावाला आले आणि जून १९४३ मध्ये बुडाले. आज ते पेन्साकोलाच्या नौदल संग्रहालयात आहे. युद्धाने त्याला सोडले, सरावाने बुडवले, बुडण्याने वाचवले!

विमान वर काढताना पाणबुडे त्याला पट्टे बांधतात आणि यारी ते सावकाश उचलते. जुना पत्रा घाईने फाटतो. मला खरा अवघड प्रश्न त्यानंतरचा वाटतो: रंग कोणता द्यायचा? वीराचा रंग दिला की प्रेक्षक थांबतो, हे खरे. पण त्याखाली शिकाऊ वैमानिकाची चुकलेली उडी झाकली जाते. माझ्या मते ती झाकू नये. मिडवेसारख्या लढाया लढणारी माणसे अशाच चुकांमधून घडतात. आणि हे विमान आपल्यापर्यंत पोचले, तेही त्या चुकीमुळेच.